निळ्या अंगठ्याचं पान

विळीवर नारळाची एक कवड खवून झाली होती आणि दुसरी हातात होती, तेवढ्यात ओट्यावर डब्याला टेकवून ठेवलेला फोन वाजला. प्रभावतीने बसल्या जागेवरून मान वर केली. रसिकाचं नाव होतं. रसिका म्हणजे मांडवीच्या बाजूला विद्यापीठाच्या कला-अभिकल्प केंद्राची जी लायब्ररी होती, तिथली ग्रंथपाल. होती म्हणायचं, कारण आता तिथे कुलूप आहे.

निरोप एवढाच होता : "काकू, सम्यकचं पुस्तक साइटवर आलं. सगळ्यांत आधी तुम्हालाच कळवतेय." त्याखाली एक ओळ, तिच्यावर बोट ठेवलं की पुस्तक उघडणार.

प्रभावतीने बोट ठेवलं नाही. हात खोबऱ्याने चिकट झाले होते हे एक. दुसरं म्हणजे यजमान, रामजी, बाजारात गेले होते, आणि हे एकटीने बघायचं नाही असं तिने कधीच ठरवून टाकलं होतं. तिने फोन पालथा घातला, परत विळीवर बसली, कवड हातात घेतली आणि तशीच बसून राहिली.

सम्यक तिचा मुलगा. एकुलता. गेल्याच्या आदल्या पावसाळ्यात लावणीच्या दिवसांत मामाला मदत करायला म्हणून खेडकडे गेला. पायाला चीर पडलेली, तसाच चिखलात उतरला, आणि घरी आला तो ताप घेऊनच. आधी वाटलं, भिजला असेल. मग डोळे पिवळे झाले. सिव्हिलमध्ये डॉक्टरांनी लेप्टो म्हटलं तोवर उशीर झाला होता. वर्षावास चालू होता, विहारात रोज संध्याकाळी ग्रंथवाचन असायचं, आणि त्या वाचनाला रोज जाणारी बाई त्या आठवड्यात दवाखान्याच्या बाकावर बसून तेच मनात म्हणत होती.

पुण्यानुमोदनाच्या दिवशी तिने सगळं देऊन टाकलं. गेलेल्याच्या नावाने द्यावं, धरून ठेवू नये, हे ती लहानपणापासून ऐकत आली होती आणि दुसऱ्यांच्या घरी जाऊन सांगतही आली होती. आता आपली पाळी आली तेव्हा हात आखडता घ्यायचा? कपडे दिले, सायकल दिली. रंगांच्या बाटल्या, कुंचले, चित्रांच्या वह्या, सुटे कागद, सगळं विहारातल्या चित्रकलेच्या वर्गाच्या पोरांना वाटलं. पोरांनी त्याच दिवशी कागदांच्या मागच्या बाजूला सूर्य आणि झाडं काढली. लोक म्हणाले, प्रभावतीताईचं मन मोठं. तिलाही तेव्हा तसं वाटलं असेल, कोण जाणे. घरी आल्यावर कपाट उघडलं तर आत नुसता बल्ब जळत होता.

हा बल्ब म्हणजे काय, ते इथल्या माणसाला सांगायला नको. पावसात कपड्यांना बुरशी धरू नये म्हणून कपाटात पिवळा बल्ब पेटता ठेवतात. तिने तो विझवला, आणि मगच तिला रडू आलं.

त्यानंतर कितीतरी महिन्यांनी तिच्या डोक्यात आलं की सगळं गेलेलं नाही. शेवटच्या वर्षाला सम्यकने हाताने एक पुस्तक केलं होतं. बंदरावरच्या होड्यांवर जी नावं रंगवतात त्या अक्षरांचं. एकच प्रत, सगळी हाताने रंगवलेली, आणि ती लायब्ररीत जमा केल्याशिवाय निकाल मिळत नव्हता. म्हणजे ती तिथेच असणार.

ती पहिल्यांदा गेली तेव्हा दारात भागोजी होता. तिथला शिपाई, कोरडा माणूस, पण मनाचा सरळ.

"कोण पायजे?"

"सम्यक गमरेचं पुस्तक बघायचं होतं. मी त्याची आई."

भागोजीने तिच्याकडे नीट पाहिलं. हातातलं फडकं खांद्यावर टाकलं. "चपला हितंच काढा वहिनी. खाली वाळू येते, मग माझ्याच मानेवर."

ती जागा म्हणजे जुन्या बंदराचं गोदाम. जांभ्याच्या भिंती, वर कौलं, आणि समुद्र एवढा जवळ की खिडकीच्या गजांना मीठ धरायचं. आत कापूर, सरस आणि ओल्या कापडाचा वास. भागोजीला बोलायला कुणी मिळत नसे, तेव्हा पुढच्या फेऱ्यांमध्ये त्याने तिला सगळी लायब्ररी कपाटागणिक सांगितली. सुरुवात म्हणे एका ड्रॉइंग मास्तरांच्या कपाटापासून झाली. त्यांना मूलबाळ नव्हतं, जाताना पुस्तकं केंद्राला दिली. मग खेडचा एक छापखाना बंद पडला, त्याचे अक्षरं छापायचे लाकडी खिळे पोत्यांतून आले. मुंबईतली गिरणी बंद झाल्यावर तिथल्या एका कामगाराने साड्यांच्या काठांचे नमुने चिकटवलेल्या वह्या गावी आणल्या होत्या. त्याच्या सुनेला त्या चुलीत घालायच्या होत्या, भागोजी स्वतः जाऊन घेऊन आला. आंजर्ल्याच्या गणपतीच्या देवळाची मुलांनी मोजून काढलेली चित्रं होती. तांबड्या, पिवळ्या, जांभळ्या मातीच्या पुड्या होत्या, प्रत्येकीवर गावाचं नाव. आणि पावसाळ्यात प्रत्येक कपाटात पिवळा बल्ब. वीज गेली की भागोजी आणि रसिका एकेक पुस्तक बाहेर काढून पानं उलटत बसायची, नाहीतर ती एकमेकांना चिकटून जायची.

"आपल्या घरच्यासारखंच की हो," प्रभावती म्हणाली होती.

"घरात बुरशी धरली तर बायको ओरडते," भागोजी म्हणाला. "हितं धरली तर कुणाला कळत पण नाय."

सम्यकचं पुस्तक शेवटच्या कपाटात, विद्यार्थ्यांच्या कामांत होतं. रसिकाने ते कापडावर ठेवून दिलं. पहिल्या दिवशी प्रभावतीने नुसतं उघडलं आणि मिटलं. दुसऱ्या खेपेला पानं उलटली. मधल्या एका पानावर 'नूर-ए-दर्या' असं होडीचं नाव होतं, ठसठशीत निळं, आणि कडेला, कोऱ्या जागेत, अंगठ्याचा ठसा. त्याच निळ्या रंगाचा. पान धरताना उमटलेला. परीक्षकाने त्याच्याभोवती पेन्सिलीने गोल करून 'अस्वच्छता' असं लिहिलं होतं. त्यावरून घरी किती धुसफुस झाली होती, ते तिला आठवलं. "एका अंगठ्याचे मार्क कापले आई!" आणि ती म्हणाली होती, "हात धुवायला काय झालं होतं तुला?"

तिने त्या ठशावर आपला अंगठा ठेवला. तिचा लहान होता, कडेने निळं दिसत राहिलं.

तेव्हापासून दर गुरुवारी ती जाऊ लागली. गुरुवार अशासाठी की त्या दिवशी तिथे मुलं नसायची. पुस्तक उघडायचं, तेवढंच पान काढायचं, थोडा वेळ बसायचं. वाचायला असं नव्हतंच काही. रसिका कधी काही विचारत नसे. कंत्राटावरची पोर, पण समज होती.

तिथेच सईदा भेटली. सईदाचे यजमान अयूब हे मिरकरवाड्याचे होड्या रंगवणारे. सम्यक अक्षरं शिकायला त्यांच्याकडेच जायचा. अयूबभाई कागदावर अक्षर काढून त्याच्या कडेने सुईने भोकं पाडत, तो कागद फळीवर धरून वरून खडूच्या भुकटीची पुरचुंडी आपटत, की खाली ठिपक्यांत अक्षर उमटे. त्या कागदाला खाका म्हणतात. हिंदूंची होडी असो की मुसलमानांची, नाव अयूबभाईंच्याच खाक्यातून उमटायचं. आता त्यांचे डोळे गेलेत, आणि होड्यांवर छापील स्टिकर लागतात. त्यांचे खाके सम्यकनेच मागून लायब्ररीत जमा केले होते. नवऱ्याला बरं वाटावं म्हणून सईदा अधूनमधून ते बघून यायची आणि घरी जाऊन सांगायची, हाय, हाय, सगळं ठीक हाय.

"तू लेकाला भेटाया येतेस, मी घोवाच्या हाताला," ती म्हणायची. "चाय पन कोन विचारत नाय आपल्याला हितं."

दिवाळीच्या सुमारास बातमी आली. केंद्र बंद होणार, लायब्ररी मुख्य विद्यापीठात जाणार. नमुने आणि छापील पुस्तकं जातील. विद्यार्थ्यांची कामं मात्र ठेवायला जागा नाही, ती स्कॅन करून ठेवायची आणि मूळ प्रतींचं निर्लेखन. रसिकाने तो शब्द उच्चारला आणि लगेच खाली पाहिलं.

"म्हणजे काय गं?"

"म्हणजे... रद्द करायच्या, काकू."

सईदा त्या दिवशी तिथेच होती. ती उठली, अयूबभाईंच्या गठ्ठ्यातला वरचा खाका उचलला आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "ह्यो मी नेतंय. बोल काय करतेस?" रसिकाला हसू आलं. तो खाका अजून नोंदला गेला नव्हता. "न्या भाभी," ती म्हणाली. सईदाने तो गुंडाळून काखेत मारला.

सम्यकच्या पुस्तकाचं तसं नव्हतं. त्याच्या पहिल्या आणि शेवटच्या पानावर शिक्का होता, नंबर होता. सईदा गेल्यावर रसिकाने ते पुस्तक आणून प्रभावतीच्या समोर ठेवलं. मग म्हणाली, "काकू, मी त्या बाजूच्या खिडक्या लावून येते. वेळ लागेल मला. भागोजीला मी चहाला पाठवलंय." आणि जाता जाता प्रभावतीची कापडी पिशवी जमिनीवरून उचलून टेबलावर ठेवली. तोंड उघडं करून.

प्रभावतीला सगळं समजलं. न समजायला ती काही लहान नव्हती. पिशवीत विहारासाठी घेतलेल्या मेणबत्त्या आणि अगरबत्तीचा पुडा होता, बाकी रिकामी. पुस्तक अगदी बसलं असतं. खिडक्या एकेक करून लागल्याचा आवाज येत होता. तिने पुस्तकावर दोन्ही हात ठेवले. रोज सकाळी बुद्धमूर्तीपुढे बसून ती पंचशील म्हणते, त्यातलं दुसरं शील हेच तर आहे, जे दिलेलं नाही ते घेणार नाही. दिलेलं होतं का हे? रसिकाने पाठ फिरवली होती. पाठ फिरवणं म्हणजे देणं नव्हे. आणि ज्या पोराच्या नावाने आपण सगळं दान केलं, त्याच्याच नावाने आता लपवून न्यायचं?

रसिका परत आली तेव्हा पुस्तक टेबलावरच होतं. पिशवीचं तोंड बांधलेलं.

"काकू..."

"अर्ज करते मी. रीतसर मागते. कुणी द्यायला नाही म्हणेल का? त्यांना ते टाकायचंच आहे."

रसिकाने पुस्तक उचलून कपाटात ठेवलं. तिला विद्यापीठ ठाऊक होतं.

घरी रामजींना हे सांगितलं तेव्हा त्यांचा चेहरा उजळला. आयुष्यभर पंचायत समितीत कारकुनी केलेला माणूस. "बरोबर केलंस," ते म्हणाले, "अर्ज केला की उत्तर द्यावंच लागतं. कायदा आहे." त्यांनी स्वतः अर्ज लिहिला, सुवाच्य अक्षरात, विषय आणि संदर्भ घालून, आणि जाऊन आवक क्रमांक घेऊन आले. तो क्रमांक त्यांनी कॅलेंडरवर लिहून ठेवला.

सईदाला कळलं तेव्हा ती दारातच कपाळावर हात मारून बसली. "अगो येडे! चोरी कसली त्याच्यात? तुज्या पोटच्या पोराचा हाय तो!"

"माझा पोरगा होता. पुस्तक विद्यापीठाचं आहे."

"तुजा पोर पन त्यांनीच दिल्यान काय?" सईदा म्हणाली, मग तिचा आवाज उतरला. "नको गो अशी ऱ्हाऊस. दुनियेला कळत नाय असलं."

उत्तर आलं नाही. रामजींनी स्मरणपत्र पाठवलं. त्यालाही आवक क्रमांक मिळाला. मार्गशीर्षात गाड्या लागल्या आणि नमुने गेले. अयूबभाईंचे खाके गेले, त्यांच्या खोक्यावर चिठ्ठी होती 'कारागीर अज्ञात'. भागोजीने खोडून नाव लिहायला पेन मागितलं तर वरून आलेला माणूस म्हणाला, यादीत जसं आहे तसं जाऊ दे. गोदामाला कुलूप पडलं. भागोजी घरी बसला. रसिकाचं कंत्राट संपलं तरी स्कॅनिंगचं काम तिच्याकडे होतं, तेवढ्यावर ती होती.

आणि आज हा निरोप.

रामजी आले ते माशांची पिशवी घेऊन. बायकोला कवड हातात धरून बसलेली बघून त्यांनी पिशवी मोरीत ठेवली आणि विचारलं, "काय झालं?"

"सम्यकचं पुस्तक आलंय. फोनवर."

त्यांनी हात धुतले, चष्मा पुसला. दोघं पलंगावर शेजारी बसली. रामजींनी ओळीवर बोट ठेवलं. जरा वेळ पडद्यावर चक्र फिरत राहिलं, मग पुस्तक उघडलं. छान दिसत होतं, खोटं कशाला बोला. कागद पांढराशुभ्र, रंग झळझळीत. एवढे स्वच्छ ते लायब्ररीतसुद्धा दिसत नव्हते. रामजी एकेक पान सरकवत होते. "बघ, बघ," म्हणत होते.

"पुढे जा. नूर-ए-दर्या काढा."

पान आलं. निळी अक्षरं होती, ठसठशीत. कडेची जागा कोरी होती.

प्रभावतीने फोन हातात घेतला. दोन बोटांनी पान मोठं केलं, आणखी मोठं केलं. कड नुसती पांढरी. ठसा नव्हता, पेन्सिलीचा गोल नव्हता, अस्वच्छता हा शब्दही नव्हता.

"हे पान ते नव्हेच," ती म्हणाली.

"तेच आहे की."

"अंगठा कुठे आहे?"

रामजींना अंगठ्याचं काही माहीत नव्हतं. इतके गुरुवार ती एकटीच जायची, आणि तिने कधी सांगितलं नव्हतं. आता सांगायला लागली तर सांगता येईना. तिने रसिकाला फोन लावला.

"हो काकू, बघितलंत?" रसिकाचा आवाज उत्साहाचा होता. मग प्रभावतीने अंगठ्याचं विचारलं. "डाग काढून टाकतं ते मशीन," रसिका म्हणाली. "आपोआप. जुन्या कागदाचा पिवळेपणा, बुरशी, बोटांचे ठसे, सगळं. आम्ही काही करत नाही त्यात. मला सुचलंच नाही काकू. मला माहीत असून सुचलं नाही."

"मूळ पुस्तक कुठे आहे?"

"मशीनला सुटी पानं लागतात. शिलाई कापावी लागते."

"कापलं?"

"सगळीच कापली. मग पोत्यांत भरली. रद्दीवाला परवाच घेऊन गेला. तुमच्या अर्जाचं मी विचारलं होतं हो, दोनदा विचारलं. ते म्हणाले, सरकारी मालमत्ता खाजगी व्यक्तीला देण्याची तरतूद नाही. रद्दीला देण्याची आहे."

प्रभावतीने फोन ठेवला नाही, रामजींकडे दिला. रामजी "हं, हं" करत राहिले. मग त्यांनी कॅलेंडरवरचा क्रमांक वाचून दाखवायला सुरुवात केली, आणि पलीकडून रसिका रडतेय हे कळल्यावर थांबले.

संध्याकाळी सईदा आली. तिला भागोजीकडून कळलं होतं. ती नेहमीसारखी ओरडली नाही. कोपऱ्यात खाली बसली आणि म्हणाली, "खेडचा माणूस हाय तो. गाडी भराया भागोजीला बोलावल्यानी, तवा त्याने विचारल्यान. स्टेशनाकडे गोदाम हाय म्हणे त्याचं, हितनं तितनं गोळा करतो नि मग कारखान्याला पाठवतो. रोज नाय पाठवत, गाडी भरली म्हंजे पाठवतो."

"मग असेल अजून?"

"असंल, नसंल. मी कशाला खोटी आशा लावू तुला?" मग म्हणाली, "अयूब विचारतात, तो खाका पाठवू काय? सम्यकने भोकं पाडलेला हाय तो. त्यांच्या हातचा नाय, तुज्या पोराच्या हातचा. मला ठाव नव्हतं, मी वरचा म्हणून उचलला. त्यांनी बोटं फिरवून सांगितलं, माझी भोकं इतकी तिरकी नाय पडत."

प्रभावतीने मान हलवली. नको की हो, ते सईदाला कळलं नाही. थोड्या वेळाने ती उठून गेली.

दिवेलागणीला प्रभावती मूर्तीपुढे बसली. मेणबत्ती लावली, अगरबत्ती लावली. मागे रामजी बसले. वंदना झाली, त्रिसरण झालं, पहिलं शील झालं. दुसऱ्यापाशी ती थांबली. रामजींना वाटलं, ठसका लागला असेल. मेणबत्तीचं मेण ताटलीत ओघळत होतं. तिच्या डोळ्यांपुढे टेबलावरची ती पिशवी होती, तोंड उघडं करून ठेवलेली, आणि खिडक्या लागल्याचा आवाज. हे शील आपण पाळलं. त्याने काय केलं? पाळलं नसतं तर आज ते पान उशाखाली असतं. असं काही त्या मूर्तीपुढे बसून मनात येईल, असं तिला कधी वाटलं नव्हतं.

तिने ते शील म्हटलं. पुढची तीन म्हटली. आवाज तिचाच होता, पण दुसऱ्या कुणीतरी म्हणून घेतल्यासारखा.

"उद्या मी नवा अर्ज करतो," रामजी मागून म्हणाले. "कुलगुरूंनाच करतो. आता गप्प बसायचं नाही."

"नको."

"अगं, निदान का केलं ते तरी..."

"नको म्हटलं ना. अर्ज नको." ती उठली. विळी अजून तशीच मांडलेली होती. खवलेलं खोबरं सकाळपासून उघडं राहून आंबलं होतं. ते तिने बाहेर नेऊन टाकलं. उरलेली कवड धुऊन पालथी घातली आणि विळी मिटून भिंतीला लावली. मग पिशवीतल्या मेणबत्त्या काढून फळीवर ठेवल्या, पिशवी झटकली आणि दाराच्या खुंटीला अडकवली.

"सकाळच्या पहिल्या एसटीने मी खेडला जातेय," ती म्हणाली. "स्टेशनजवळच्या रद्दीच्या गोदामात."